पुंजाजींच्या नावाची गळती

आसेगावचा शालिग्राम बोलायला गरीब आणि भांडायला नालायक. जो काही थाट होता तो आंघोळीचा. बुटका, कंबरदुखीचा माणूस, सासऱ्याने लग्नात दिलेल्या पितळी घंगाळात तो चक्क मांडी घालून बसे आणि कढत पाणी गळ्याशी आले की म्हणे, "आता इंग्रज राहो नाहीतर जावो!"

चौतीस सालच्या थंडीत घंगाळ गळू लागले. पाणी गळ्यावरून छातीशी, छातीवरून बेंबीशी. साबण लावेपर्यंत शालिग्राम उघडा. कुडकुडत त्याने भोक शोधले. सासऱ्याने बुडाजवळ आपले 'पुंजाजी' हे नाव कोरून घेतले होते. कोरणाऱ्याने अनुस्वाराचा ठोसा जरा उत्साहाने मारला होता. पाणी त्या टिंबातून येत होते.

जगदेव तांबटाने घंगाळ फिरवून पाहिले. "काही नाही, पुंजाजीले डाग देऊन टाकू."

शालिग्रामची बायको कस्तुराबाई चुलीवरून फुंकणी घेऊनच उठली. "डाग दे तुह्या घरच्या मढ्याले! बाप जिता हाय माहा!"

"अवो बाई, डाग म्हंजे कथील. भोक बुजवतो."

"माह्या बापाच्या नावाले डाग लागू देनार नाही मी."

"मंग मोडीत घालू," शालिग्राम म्हणाला. "नवं घेऊ."

"बापाले मोडीत काढता?"

दुरुस्त करावे तर सासरा सरणावर, बदलावे तर भंगारात. मग शालिग्राम टिंबावर टाच दाबून आंघोळ करू लागला. टाच घसरली की आंघोळ आटोपली.

संक्रांतीला रिठदहून खुद्द पुंजाजी आले. जावयाची तऱ्हा ऐकून तेही हौसेने घंगाळात बसले. त्यांना टाचेचे कोणी सांगितले नव्हते. थोड्याच वेळात न्हाणीतून आरोळी आली, "कस्तुरे! माहं नाव मुतून राह्यलं वं! बोलाव तांबटाले, दे म्हणा डाग!"

बापाच्याच तोंडचा हुकूम. कस्तुराबाईने फुंकणी ठेवली आणि तांबटाला बोलावणे धाडले. जगदेवने कथलाचा हरभऱ्याएवढा थेंब बसवला. अनुस्वार गल्लीतून वाचता येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी शालिग्राम पंचा खांद्यावर टाकून न्हाणीत गेला, तर घंगाळात पुंजाजी. पाणी गळ्याशी, डोळे मिटलेले.

"जवाईबापू, खरी मजा आज कळली. आता होळी झाल्यावरच जातो."

शालिग्राम तसाच पंचा घेऊन जगदेवच्या दारात उभा राहिला. "जगदेवभाऊ," तो हळूच म्हणाला, "तो डाग निंगते का पाह्य ना."