डिकी खाली केली मी

अगं सूनबाई, जरा कान इकडे कर. महिना झाला तुझा फोन नाही, शोभतं का हे? आज बांगडे धुताना त्या वासाने चार वर्षांपूर्वीचा दोह्यातला शुक्रवार आठवला. अल रुवैसच्या बंदरावरून मासळी घेऊन आपण घरी आलो होतो. नव्या गाडीची डिकी आपोआप इतकी वर जायची की तिच्या दाराचं बंद करायचं बटण माझ्या हाताला पोचायचंच नाही. तू आणि लेक मासळीचा खोका घेऊन वर गेलात, तेव्हा मी ते दार माझ्या उंचीवर थांबवलं आणि शेजारणीने शिकवल्याप्रमाणे बीप वाजेपर्यंत बटण दाबून धरलं, म्हणजे पुढे दार तेवढंच उघडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग ठेवताना माझ्या उंच लेकाचं कपाळ त्या कडेवर आपटलं. रक्त आलं. "सेटिंगला हात कोणी लावला? तुलाच सगळ्यात बोटं घालायची सवय!" तो तुझ्यावर ओरडला. तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "हो, मीच केलं. खलास, विषय संपला. आधी कपाळ दाबून धर." आणि मी, सासू म्हणवणारी, कापूस आणायच्या निमित्ताने आत पळाले गं. लेकाला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला समोर बसवून माफी मागायचीय. सुट्टी मिळाली की वसईला ये, लवकर ये.