डाव्या पंखाचा साक्षीदार

इमारतीतले लोक त्यांना नापाससाहेब म्हणत. ते लिफ्ट तपासनीस होते आणि अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्या खेपेला एकही लिफ्ट पास केली नव्हती. दाराची कडी, ब्रेक, तारदोर, खालच्या खड्ड्यातला दिवा, काही ना काही निघायचंच. स्वतःच्या इमारतीची लिफ्ट त्यांनी आतल्या पंख्याला जाळी नाही म्हणून बंद ठेवली आणि पाच महिने चौथा मजला पायी चढले. शेजारी त्यांच्या मागून चढायचे आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेताने धापा टाकायचे. साहेबांवर परिणाम झाला नाही. धाप त्यांच्या अखत्यारीत येत नव्हती.

असा माणूस निवृत्त झाला की घर तपासतो. पहिल्याच महिन्यात त्यांनी गॅसची नळी, माळ्याची शिडी आणि बायकोची चष्मा ठेवायची जागा नापास केली. बायको म्हणाली, "अहो, हातात काहीतरी धरा. नाहीतर मी सरळ माहेरी जाईन." धमकीत अडचण एवढीच होती की माहेर आतल्या खोलीत होतं. तिचे वडील गेली सहा वर्षं तिथेच राहत होते. शेवटी ती बाजारात गेली आणि मोठ्या माणसांनी जोडायचं म्हणून मिळतं तसं एक प्लॅस्टिकचं विमान घेऊन आली. लढाईच्या काळातलं, नौदलाचं, अठ्ठेचाळीस पट लहान.

खोक्यावरचं चित्र बघून सासरे चहा खाली ठेवून उठले.

"हे आमचं," ते म्हणाले.

सासरे तरुणपणी लढाईत होते. लढाईत म्हणजे विमानवाहू जहाजावर, आणि जहाजावर म्हणजे या विमानाच्या डाव्या पंखापाशी. जहाजावर जागा कमी. विमान उतरलं की ते लिफ्टवर ढकलायचं, तिथे त्याचे पंख वर दुमडायचे आणि जहाजाच्या पोटात उतरवायचं. एका पंखाला एक माणूस. मुकादमाने शिट्टी दिली की दोघांनी एकदम उचलायचं. सासऱ्यांनी तीन वर्षं डावा पंख दुमडला. डाव्या पंखाबद्दल त्यांना जेवढं माहीत होतं, तेवढं तो बनवणाऱ्यालाही नसेल.

एके दिवशी मात्र पंख अर्ध्यात अडकले. विमान लिफ्टवर हात जोडून उभं राहिलं, लिफ्ट पस्तीस मिनिटं बंद, आणि उतरायला डेक मोकळा नाही म्हणून वर घिरट्या घालणाऱ्या एका विमानाचं पेट्रोल संपून ते समुद्रात बसलं. वैमानिक पोहून आला. त्याची दाताची कवळी गेली. चौकशी झाली. डाव्याने सांगितलं, मी वेळेवर उचलला. उजव्याने सांगितलं, मी वेळेवर उचलला. म्हणजे एक जण खोटं बोलत होता. कोण, ते अहवालात लिहिलं गेलं नाही. "दोघांपैकी एकाच्या दिरंगाईमुळे" एवढंच आलं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. लढाई संपली, दोघं एकाच शहरात राहिले, एकाच न्हाव्याकडे जात राहिले. न्हाव्याने एकाला सकाळ दिली, एकाला संध्याकाळ. याला छप्पन वर्षं झाली होती.

सासरे आता एकोणऐंशी वर्षांचे होते आणि आयुष्याकडून त्यांची एकच मागणी उरली होती. डावा पंख वेळेवर होता, असं लेखी पाहिजे. नौदलाच्या कचेरीला त्यांनी वीस वर्षं पत्रं लिहिली. उत्तर यायचं की कागद सापडत नाहीत. अहवाल पाठ असलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे जखमेवर पावती फाडण्यासारखं होतं.

"जावईबापू," खोक्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तुम्ही तपासनीस. हे जोडा, पंख दुमडणारे करा, आणि काय झालं ते तपासून लिहून द्या. तुमच्या सहीने."

"बाबा, मी निवृत्त आहे. आणि माझा विषय लिफ्ट."

"बंद काय पडलं होतं मग?"

साहेबांनी खोकं जवळ ओढलं. बंद लिफ्ट पडली होती. छप्पन वर्षं निकाल न लागलेली लिफ्ट ही त्यांच्या दृष्टीने गंभीर बाब होती.

जेवणाचं टेबल ताब्यात गेलं. घर ओट्याशी उभं राहून जेवू लागलं. साहेब सुटे भाग चौकटीतून कापत, कडा पॉलिश पेपरने घासत, चिमट्याने जोडत. पण जो काम करतो त्याने ते तपासायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. म्हणून तपासणी बायकोकडे आली. तिने तो अधिकार वाटला होता त्यापेक्षा उत्साहाने वापरला. "शेपटी तिरकी. नापास." "काचेवर बोटाचा ठसा. कोणाचा ते कळलंय. नापास." साहेब निमूटपणे डिंक सोडवायचे. इतकी वर्षं लोकांना कसं वाटलं असेल हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला असेल, पण त्यांनी तो नोंदवला नाही.

पंख त्यांनी खोक्यातल्या नकाशावरच्या रेघेवर बारीक करवतीने कापले आणि सेफ्टी पिनच्या तारेची बिजागरी केली. पंख वर उचलला की वैमानिकाच्या डोक्यावर येऊन टेकायचा. डावा टेकायचा, उजवा टेकायचा. साहेब एका वेळी एकच दुमडून बघत, कारण दुसऱ्या हातात चिमटा असे.

मग रंग. वरचा रंग खोक्यावर "गडद करडा" लिहिलेला. सासऱ्यांनी डबी बघून मान हलवली.

"ओल्या पाटीसारखा होता. आणि यात मीठ नाही."

"रंगात मीठ?"

"समुद्रावर तीन वर्षं राहा, मग विचारा."

साहेबांनी चौदा पट्ट्या रंगवल्या. तेरा सासऱ्यांनी नापास केल्या. चौदाव्याच्या वेळी साहेबांनी ओल्या पृष्ठभागावर स्वयंपाकघरातलं मीठ भुरभुरवलं, वर रंग मारला, वाळल्यावर मीठ झटकलं. खाली पांढुरके खवले उमटले. सासऱ्यांनी भिंग धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आता हाताला गार लागतोय." पोटाकडचा रंग त्यांनी "आजारी माणसाच्या नखाचा" सांगितला, तोही मिळाला. दुमडायच्या जागी हात लागून लागून रंग उडालेला होता, तिथे साहेबांनी शून्य नंबरच्या ब्रशने चांदीचा ठिपका दिला.

अशी डावी बाजू अडीच महिन्यांत पुरी झाली. साहेब ब्रश धुऊन म्हणाले, "आता उजवी. सांगा."

"ती मी काय सांगू? उजवीकडे दुसरा होता."

बायको ओट्याशी उभी राहून जेवत होती. "बाबा, विमान एकच ना? अर्धं एका रंगाचं, अर्धं दुसऱ्या, असं असेल का?"

"कोण जाणे. मी त्या बाजूला कधी गेलो नाही."

"विमानाला वळसा घालायला काय झालं होतं?"

"काम डावीकडे होतं ना, बाई."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. पण नवरा मान डोलावत होता. साक्षीदाराशिवाय शेरा नाही. उजवी बाजू कोऱ्या प्लॅस्टिकची राहिली, आणि टेबलावरचं विमान एका बाजूने लढाई जिंकून आलेलं आणि दुसऱ्या बाजूने खोक्यातून नुकतंच काढलेलं दिसू लागलं.

म्हणून साहेब उजव्यांकडे गेले. उजवे आजोबा बाजारामागे एका खोलीत राहत. जन्मभर त्यांनी लोकांची कपाटं, पलंग जिन्यावरून चढवायचं काम केलं होतं. साहेबांनी आपलं नाव सांगताच त्यांनी साहेबांना एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं.

"लिफ्टवाले नापाससाहेब तुम्हीच? या की. तुम्ही लिफ्टा बंद करत गेलात म्हणून माझ्या पोरी शिकल्या."

नोकरीतलं कौतुक साहेबांना पहिल्यांदाच मिळत होतं. त्यांनी ते घाईने बाजूला सारून आपण कोणाचे जावई ते सांगितलं आणि उजव्या पंखाचा रंग विचारला.

"रंग? तो कोण बघतो? मी मुकादमाकडे बघायचो."

"शिट्टी ऐकायची असते ना?"

"इंजिनं चालू असताना डेकवर ऐकून दाखवा. मुकादमाचे गाल फुगले की शिट्टी समजायची." मग थांबून म्हणाले, "तो काय म्हणतो? अजून तेच?"

"डावा वेळेवर होता म्हणतात."

"उजवापण होता. लिहून देणार असाल तर मीपण येतो. मलापण कागद पाहिजे."

रविवारी दुपारी चार वाजता ते आले. जाळी बसवलेल्या लिफ्टने न येता जिन्याने आले, सवयीने. सासरे टेबलाच्या डावीकडे बसले होते. उजवे उजवीकडे बसले. मध्ये विमान. दोघांनी विमानाकडे पाहिलं, एकमेकांकडे नाही.

"त्याला म्हणावं, फार हळू हात लाव. नाजूक आहे," सासरे जावयाला म्हणाले.

"त्याला म्हणावं, मी पियानो चढवलेत," उजवे साहेबांना म्हणाले.

साहेबांनी खालच्या चौकीदाराकडून शिट्टी आणली होती. बायको फॉर्म घेऊन उभी राहिली. साहेबांनी सूचना वाचून दाखवल्या, गाल फुगवले आणि शिट्टी दिली.

सासऱ्यांनी दोन बोटांनी डावा पंख उचलला. उजव्यांनी दोन्ही तळहात तोंडासमोर धरले, त्यावर थू थू केलं, हात चोळले आणि मग बिस्किटाएवढ्या वजनाचा उजवा पंख उचलला. डाव्याचं टोक आधीच टेकलं होतं. उजव्याचं टोक अलगद त्याच्यावर येऊन बसलं. विमान सुबक दुमडलं.

"पास," बायको म्हणाली. तिने हा शब्द पहिल्यांदाच वापरला होता. "पण आजोबा, जेवायच्या टेबलावर थुंकायचं नाही."

"सवय आहे, बाई. थुंकल्याशिवाय ओझं उचलत नाही मी."

"या वेळी तसंच उचला."

पंख उघडले. साहेबांनी पुन्हा शिट्टी दिली. दोघांचे हात एकाच क्षणी उठले. दोन्ही पंख एकदम वर आले, दोन्ही टोकं डोक्यावर एकमेकांना भिडली आणि अर्ध्यात अडकली. विमान हात जोडून उभं राहिलं.

साहेब वाकले, भिंग लावलं, फूटपट्टी धरली. टोकं जरुरीपेक्षा तीन मिलिमीटर लांब होती, नकाशातच तशी, म्हणजे खऱ्या विमानातही तशीच. एक खाली गेलं तरच दुसऱ्याला वर जागा. एकदम उचलले की अडकणारच.

"त्या दिवशी थुंकला होता का?" त्यांनी विचारलं.

उजव्यांनी आठवून सांगितलं. "नाही. आदल्या दिवशी मुकादमाने झापलं होतं. डेक काय तुझ्या बापाची मोरी आहे का, म्हणाला. म्हणून त्या दिवशी हात कोरडेच ठेवले."

"आणि त्याआधी तीन वर्षं?"

"रोज थुंकायचो."

साहेब सरळ झाले. "म्हणजे तीन वर्षं उजवा पंख उशिरा होता, म्हणून विमान दुमडत होतं. त्या दिवशी दोघंही वेळेवर होते."

अशा कारणासाठी त्यांच्या फॉर्मात रकाना नव्हता. पण खरी अडचण सासऱ्यांची झाली. ते हातातलं टोक न सोडता बसून राहिले. छप्पन वर्षं मागितलेलं त्यांना मिळालं होतं, आणि बरोबर दुसऱ्यालाही मिळालं होतं.

"मग मी एवढी वर्षं बोललो नाही ते कशाबद्दल?" ते पहिल्यांदाच थेट समोर म्हणाले.

"मीपण नव्हतो बोललो."

"आधी मी बंद केलं."

"आधी मी. तू जेवणाच्या रांगेत हाक मारलीस. मी ओ दिली नाही."

सासऱ्यांनी विचार केला. "ती हाक तुला नव्हती," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

साहेबांनी तोवर दोन कागद लिहिले. एकावर, डावा पंख वेळेवर होता. दुसऱ्यावर, उजवा पंख वेळेवर होता. मग नियम सांगितला: आपल्या कामाला आपली सही चालत नाही, साक्षीदाराची लागते. डाव्याला जगात एकच साक्षीदार उरला होता, आणि उजव्याला एकच. दोन्ही कागदांची अदलाबदल झाली. उजव्याच्या निर्दोषपणाचा कागद सासऱ्यांसमोर आला.

चहा गार झाला.

"त्याने आधी करावी," सासरे म्हणाले.

"मग मी कशाला करू?" उजवे म्हणाले.

साहेबांनी शिट्टीकडे हात नेला. "एकदम करा दोघं. मी शिट्टी देतो."

"अहो, शिट्टी नको," बायको म्हणाली.

ती वडिलांच्या मागे येऊन उभी राहिली. सासऱ्यांनी समोरच्या अडकलेल्या टोकांकडे पाहिलं. मग त्यांनी आपलं टोक बोटाने हळूच खाली दाबलं, उजव्याचं त्याच्यावर सरकलं, आणि पंख बसले. त्यांनी पेन मागितलं. चष्मा पुसला. दोन ओळींचा कागद शेवटपर्यंत वाचला, पुन्हा वाचला आणि सही केली. त्यांची सही पूर्वीपासून लांबलचक होती, त्या दिवशी तिला जास्तच वेळ लागला.

पेन त्यांनी टेबलावरून पलीकडे सरकवलं.

"रंगाचं काय?" साहेबांनी दोघांना विचारलं. "उजवी बाजू कोरी आहे."

उजव्यांनी पेन उचललं होतं. ते डावीकडे वाकले, ओल्या पाटीच्या रंगाचा, मिठाने खवले पडलेला तो पंख नीट बघितला. "असाच होता बहुतेक," ते म्हणाले आणि सही करू लागले.

"बहुतेक चालणार नाही. डाव्या बाजूला चौदा पट्ट्या रंगवून बघाव्या लागल्या," साहेब म्हणाले.

"मग पुढच्या रविवारी येतो. चौदा पट्ट्या तयार ठेवा," उजवे म्हणाले.

"सोळा ठेवा, जावईबापू," सासरे म्हणाले. "त्याला रंगातलं काही कळत नाही."