भाऊजींनी विचारलं म्हणून

सुधाकर भाऊजींना ते मरणार आहेत, हे मी सांगितलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर नात्यात या गोष्टीची कुजबुज चालू आहे. आज मीच मोठ्याने बोलतो.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, कुंदाताईचे यजमान. अकोल्यात जठारपेठेत त्यांचं स्टेशनरीचं दुकान होतं.

आणि मला ऑटिझम आहे. हे नाव चाळिशी उलटल्यावर अमरावतीच्या एका डॉक्टरबाईंनी दिलं. त्याआधी गावात दुसरी नावं होती. घुम्या. येडपट.

तुम्हाला समोरच्याचा चेहरा आपोआप कळतो. मला तो पाढ्यांसारखा पाठ करावा लागला.

भुवया वर गेल्या, म्हणजे प्रश्न.
ओठ आवळले, म्हणजे राग. किंवा दाढदुखी.

शाळेत गुरुजी म्हणायचे, "माझ्या तोंडाकडे पाहून ऐक." मला दोन्हीपैकी एकच जमायचं. मी ऐकायचं ठरवलं की छडी.

देवाशी मात्र माझं पहिल्यापासून जमलं. गावच्या मारुतीचा चेहरा कधी बदलत नाही.

ताईचं लग्न मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात झालं. वरपक्षाच्या पंगतीत बुंदी वाढायचं काम माझ्याकडे होतं.

आपल्याकडे पाहुणा "नको, नको" म्हणतो, पानावर हात आडवा धरतो आणि तरी त्याला वाढायचं असतं. मला वाटलं, नको म्हणतात तर नको. अख्खी ओळ मी बुंदी न वाढता पार केली.

भाऊजींचे थोरले भाऊ बापूराव पानावरून उठले. "पोरीवाल्यायले आग्रह करता येत नाई का? भिकारी समजले का आमाले?"

माझे वडील हात जोडत धावले.

तेवढ्यात नवरदेव बसल्या जागेवरून ओरडला, "ओ साळेबुवा! मले बुंदी पाह्यजे. वाढ. अन् दादालेबी वाढ, त्याचं नको खोटं आहे."

सगळे हसले. बापूराव खाली बसले आणि दोनदा बुंदी घेतली.

त्या दिवसापासून भाऊजी माझ्याशी कधी नुसत्या चेहऱ्याने बोलले नाहीत. शब्दांनी बोलले.

"साळेबुवा, मी चिडून राहिलो. तुह्यावर नाई, लाइनमनवर."

"हे मी गंमत केली बरं. आता हास."

"तुही ताई रुसून आहे. काहून, ते मलेबी मालूम नाई."

ऑटिझम हा शब्द तेव्हा आम्ही दोघांनीही ऐकला नव्हता. बॉडी लँग्वेज वगैरे तर दूरच. समोरच्या माणसाला काय लागतं एवढंच त्यांनी पाहिलं.

गेल्या वर्षी भाऊजी अमरावतीच्या दवाखान्यात होते. डॉक्टरांनी ताईला, बापूरावांना आणि मला खोलीबाहेर बोलावलं. कॅन्सर पसरलाय, आता घरी न्या, म्हणाले.

बाहेरच ठरलं की भाऊजींना सांगायचं नाही. मी हो म्हणालो नव्हतो. मला कुणी विचारलंही नव्हतं.

आत गेलो. सगळे हसत होते.

भाऊजींनी एकेकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"साळेबुवा, तू सांग. घरी बरा व्हायले चाललो का मरायले?"

बापूरावांनी माझा दंड दाबला. ताई उशामागे उभी होती, तिने मान हलवली.

"मरायले, भाऊजी."

ते थोडा वेळ चादर सारखी करत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं सांगतलं. या साऱ्यायचं हासनं पाहूनच मी भेऊन राहिलो होतो."

डिस्चार्जनंतर आम्ही तिघं चिखलदऱ्याला गेलो. लग्न झाल्यावर ताईला तिथे न्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. दुकानापायी राहून गेलं होतं. दोघं दरीच्या कठड्याशी बसून कितीतरी वेळ बोलत होते. काय, ते मला माहीत नाही. मी लांब उभा होतो.

या पोस्टखालचा भाऊजींचा फोटो तेव्हाचा. काढल्यावर मी विचारलं, "भाऊजी, हा चेहरा कायचा?"

"अर्धा भेव, अर्धी मजा. फोटो कोठी टाकशीन तं तसं लिहिजो."

लिहिलं, भाऊजी.

ते गेल्यावर लोक म्हणाले, यानं सांगितलं म्हणून त्यांनी हाय खाल्ली. तेराव्याला ताईनेच सगळ्यांना थांबवलं. "जाऊ द्या. त्याले चेहरा वाचता येत नाई. खूण समजली नसन त्याले. त्याचा काय दोष?"

आणि सगळ्यांनी मला माफ करून टाकलं.

ताई, तू मला वाचवायलाच बोललीस. म्हणून तेव्हा मी गप्प राहिलो. पण आज सकाळी श्राद्धाला बापूरावांनी कुणा नव्या पाहुण्याला माझी ओळख करून दिली. "हा कुंदाचा भाऊ. मनाचा चांगला आहे. फकत समजत नाई त्याले."

म्हणून आता ऐका.

खूण मला समजली होती.

दंड दाबला, म्हणजे गप्प राहा. मान हलवली, म्हणजे सांगू नकोस. एवढं मला पाठ आहे. सगळं समजून मी सांगितलं.

ऑटिझममुळे नाही. मरणाऱ्या माणसाने स्वतःच्या मरणाबद्दल विचारलं म्हणून. जो माणूस आयुष्यभर माझ्याशी सरळ बोलला, त्याच्याशी त्या दिवशी मी हसरं तोंड करून खोटं बोलणार नव्हतो.

तुमची माफी परत घ्या. मला ती लागत नाही.

रागवायचं असेल तर रागवा. पण न समजणाऱ्यावर रागावतात तसं नाही. समजून-उमजून वागलेल्या माणसावर रागावतात, तसं.

ताई, हे वाचून तू कदाचित माझ्याशी बोलणं सोडशील. मी तुझ्या दारात येत राहीन. जे काय असेल ते तोंडाने सांग.

भाऊजी, पुन्हा विचारलंत तरी हेच सांगेन.

तुम्हाला माझा साष्टांग नमस्कार.