सरांचा दाखला

ज्यांचं ऋण माझ्यावर सर्वांत जास्त आहे ते दिंडोरीचे गांगुर्डे सर गेले. त्यांच्या मुलाचा, अनिलचा, फोन आला तेव्हा मी अंबडच्या कारखान्यात ई-मेलचा सर्व्हर तपासत होतो. महिना होत आला, पण एका गोष्टीचा उलगडा मला अजून होत नाही...

मी पेठकडच्या पाड्यावरचा. आई-वडील द्राक्षबागेच्या कामाला दिंडोरीत आले आणि वडील मला हायस्कुलात घेऊन गेले. जुन्या शाळेचा दाखला जवळ नव्हता. कारकून नाव लावून घेईनात. वडील म्हणाले, "लय लांबून आलोय साहेब, पोराला शिकायचं हाय." तेवढ्यात सर आतून आले. "अहो, पोरगं समोर उभं आहे, ते काय खोटं आहे? बस रे आठवीत. दाखला मागाहून आण." घरातला पहिला पदवीधर मी त्या वाक्यामुळे झालो.

पुढे दोन हजार चारच्या सुमारास कारखान्यात स्पॅमचा सुळसुळाट झाला. लॉटरी, औषधं, रोज शेकड्यांनी. मी ओळख पटवण्याची पद्धत बसवली. अनोळखी माणसाची मेल बाहेरच थांबायची, त्याला इंग्रजीत आपोआप मेल जायची, आणि तिला उत्तर दिलं तरच मूळ पत्र आत यायचं. दोन दिवसांत कचरा थांबला. साहेबांनी पाठ थोपटली. पण स्पॅमवाले दुसऱ्यांचे पत्ते वापरत. आमची चौकशी त्या बिचाऱ्यांच्या माथी जायची. पुरवठादारांची आपोआप मेल पाठवणारी यंत्रं तर उत्तरच द्यायची नाहीत.

गेल्या महिन्यात असंच एका पुरवठादाराचं कोटेशन शोधायला अडकलेली पत्रं उघडली, तर त्यांत सरांची दोन पत्रं. इंग्रजी अक्षरांत मराठी, सायबर कॅफेतून पाठवलेली. पहिलं तीन आठवड्यांपूर्वीचं: 'तब्येत बरी नाही. एकदा येऊन जा.' दुसरं त्याच दिवशीचं. चौकशीला उत्तर द्यायचं सोडून सरांनी नवंच पत्र लिहिलं होतं, म्हणून तेही अडकलं: 'मी गांगुर्डे. तुला आठवीत गणित शिकवलं. ओळख विचारलीस, बरं केलंस, जग फसवं आहे. पण तुझा दाखला मी मागाहून घेतला होता. माझाही मागाहून घे.'

हे रागाने लिहिलं होतं की हसून? सर दोन्ही एकाच चेहऱ्याने करायचे...

अनिलला फोन लावला. सर नाशिकला दवाखान्यात होते, अतिदक्षता विभागात. भेटू देत नव्हते. मी खाली दवाखान्याच्या दाराशी कागदावर पत्र लिहून अनिलच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी सर गेले.

दहाव्याला अनिलला विचारलं, "वाचून दाखवलंस?"

"दाखवलं ना. डोळे मिटलेले होते. शेवटी बोटं हलली थोडी. पण दादा, बोटं तर त्यांची सकाळपासूनच हलत होती."

ती पद्धत मी अजून बंद केलेली नाही. बंद केली तर कचरा येतो. चालू ठेवली तर दाराशी कोण ताटकळतंय ते कळत नाही. माझं पत्र अनिलने सरांच्या टेबलावर, चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं आहे. त्यात एवढंच आहे:

'सर, तुम्हाला ओळख मी विचारली नाही, यंत्राने विचारली. पण यंत्र मीच बसवलं होतं. तुमची दोन्ही पत्रं आज मिळाली. दाखला नको. मी खाली दाराशी उभा आहे. वर बोलवा.'