मालतीताईंचा कारभारी

मालतीताई दुकानात शिरल्या की मी आधी त्यांच्या हाताकडे बघायचो. हातात पिशवी असेल तर वाणसामान हवं आहे, आणि मोबाइल असेल तर माझी सकाळ गेली. मोबाइल घेऊन आल्या याचा अर्थ त्यांच्या लिनक्स या संगणकप्रणालीतल्या कारभाऱ्याची नवी आवृत्ती निघालेली असायची, आणि तिच्यात काय काय नवं आहे ते इंग्रजी पुराण त्या मला मराठीत करून ऐकवणार असायच्या. तांदळाच्या गोणीवर बैठक मारायची, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि सुरुवात करायची, "ऐक अरविंद, कारभाऱ्यानं यंदा काय आणलंय बघ." गिऱ्हाईक उभं असलं तरी त्यांना फरक पडत नसे. एकदा तर पोहे घ्यायला आलेल्या एका पाहुण्यालाही त्यांनी थांबवून दोन परिच्छेद ऐकवले. तो बिचारा पोहे न घेताच गेला.

मी महाडच्या बाजारपेठेतला धान्याचा व्यापारी. माझा आणि संगणकाचा संबंध बिल छापण्यापुरता. ताई आमच्या गल्लीच्या टोकाला संगणकाचे वर्ग चालवायच्या. आज गल्लीत जी पोरं संगणकावर बोटं चालवतात ती सगळी त्यांच्या हाताखालून गेलेली. पोरं त्यांना मॅडम म्हणायची, आम्ही ताई. मूळच्या पोलादपूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. बोलणं अगदी नीटनेटकं, पण भावाचा फोन आला की क्षणात "काय रे, जेवलास का नाय?" सुरू.

कारभारी म्हणजे कोण, ते मला इतक्या वेळा सांगितलं गेलं की आता मीही सांगू शकतो. संगणकाच्या पोटात बरेच प्रोग्रॅम एकाच वेळी राबत असतात. कुणी आधी उठायचं, कुणी कुणासाठी थांबायचं, एखादा कोसळला तर त्याला परत कधी उभं करायचं, हे सगळं बघणारा एक मुख्य प्रोग्रॅम असतो. ताई त्याला कारभारी म्हणत आणि बाकीच्यांना गडी. कारभाऱ्याला काय हवं नको ते साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवायचं. त्यातही ताईंचा दंडक असा, की कारभाऱ्याबरोबर आलेल्या मूळ फायलीत एक अक्षर बदलायचं नाही. आपला बदल शेजारी वेगळ्या छोट्या फायलीत लिहायचा, कारभारी दोन्ही वाचतो आणि आपलं ऐकतो. "मूळ फाईल म्हणजे सासूबाई," त्या म्हणायच्या. "तिला सुधारायला जाऊ नये. आपलं ताट वेगळं वाढून घ्यावं." हा सल्ला त्यांनी माझ्या बायकोलाही दिला. माझ्या आईच्या हातची आमटी तिला तिखट लागायची. ताई म्हणाल्या, "पातेल्याला हात लावू नकोस, आपल्या वाटीत गूळ घाल." त्या दिवसापासून आमच्या घरात शांतता आहे, आणि त्याबद्दल मी लिनक्सचा ऋणी आहे.

पण ताईंचं खरं काम वेगळंच होतं. महाडला सावित्रीचं पाणी पेठेत शिरतं ही काही नवी गोष्ट नाही. ते शिरायच्या आधी कळलं तर माल माळ्यावर नेता येतो. न कळलं तर साखरेचा पाक होतो. वर घाटाकडे पाऊस झाला की पाणी आधी पोलादपूरला चढतं, आणि ताईंचा धाकटा भाऊ दत्ता याचं घर तिथे अगदी ओढ्याकाठी. ताईंनी काय केलं, तिथल्या साकवाखाली, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाखाली, पाण्याची उंची मोजणारं यंत्र टांगलं आणि दत्ताच्या पडवीत लिनक्सची एक लहानशी पेटी ठेवली. पेटीतला एक गडी ठरावीक वेळाने उंची वाचायचा आणि आमच्या सगळ्या गल्लीच्या मोबाइलवर संदेश धाडायचा.

दत्ता हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्याला त्या पेटीची फार दया यायची. एकदा भर उन्हाचे दिवस, आणि संदेश बंद. ताई काळजीने स्कूटर काढून पोलादपूरला गेल्या तर पेटीचं बटण बंद, वर स्वच्छ फडकं झाकलेलं.

"अगो ताय, पाऊस नाय, काय नाय," दत्ता म्हणाला. "तेला कशाला उगीच राबवायचा? जनावराला पण इसावा देताव आपण."

ताईंनी पेटी पुन्हा चालू केली. निघताना तिच्यावर एक कागद चिकटवून आल्या, 'हात लावू नये. – थोरली बहीण'.

मग तो वाईट पावसाळा आला. घाटात धो धो पाऊस, पोलादपूरचं नेटवर्क गेलेलं. संदेश पाठवता येईना म्हणून गडी कोसळला. कारभाऱ्याने त्याला लगेच उठवलं, तो लगेच पडला. परत उठवलं, परत पडला. चार-पाच वेळा असं झाल्यावर कारभाऱ्याने नियमाप्रमाणे त्याचा नाद सोडला. पुढे नेटवर्क आलं, पण संदेश पाठवायला कुणी उभंच नव्हतं. पाणी आलं ते थेट दुकानात. माझ्या खालच्या थराच्या गोणी भिजल्या, समोरच्या कापडवाल्याचं तर विचारूच नका. तो म्हणाला, "यंत्रापेक्षा दत्ता बरा, निदान बोंब तरी मारेल."

ते ताईंना फार लागलं. त्यानंतर पावसाने जोर धरला की त्या स्वतः रेनकोट चढवून पोलादपूर गाठायच्या आणि पेटीपाशी बसून राहायच्या. गुडघे दुखायचे. रविवारी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन ते शेकायचे आणि सोमवारी पुन्हा स्कूटर. मी एकदा म्हटलं, "ताई, मग यंत्र कशाला हवंय? तुम्हीच फोन करत जा की." त्या हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

त्यातच त्यांच्या मुलीला, स्नेहाला, दिवस गेले. ती बंगळूरला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत, पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू दिला नाही. म्हणजे आईनेच जायला हवं. आणि दिवस भरत होते नेमके आषाढात. "आषाढात मी महाड सोडू?" ताई म्हणाल्या. "आणि ती तिकडे एकटी?" त्या दिवशी त्यांच्या हातात पिशवीही नव्हती आणि मोबाइलही नव्हता. नुसत्याच गोणीवर बसून राहिल्या. मी चहा मागवला.

उन्हाळा संपत आला तेव्हा एका सकाळी त्या जवळजवळ पळतच दुकानात आल्या. हातात मोबाइल. पेटीवरचा कारभारी जुना होता, त्याच्या जागी त्यांनी नवी आवृत्ती चढवली होती. "अरविंद, याला आता दमानं उठवता येतं."

मी वजनकाट्यावरून मान न उचलता म्हटलं, "कुणाला?"

"गड्याला रे. आतापर्यंत दोनच मार्ग होते. पडला की लगेच उठव, म्हणजे चार वेळा पडून तो कायमचा झोपणार. नाहीतर दर वेळी बराच वेळ थांबून उठव, म्हणजे साधी ठेच लागली तरी संदेश रखडणार. आता कसं, पहिल्यांदा लगेच उठवायचं. पडला तर जरा थांबायचं. परत पडला तर आणखी थोडं जास्त. थांबणं कुठपर्यंत वाढवायचं ते आपण सांगायचं. नुसत्या दोन ओळी लिहायच्या, त्याही सासूबाईंना न दुखवता."

वर्षानुवर्षं ऐकलेल्या पुराणात पहिल्यांदाच मला काहीतरी कळलं, आणि मी वजन करायचं थांबलो.

परीक्षा घ्यायला आम्ही दोघं पोलादपूरला गेलो. ताईंनी पेटीची नेटवर्कची तार मुद्दाम काढली. गडी पडला, उठला, पडला. मग थांबला. आम्ही चहा घेतला. उठला, पडला, आणखी थांबला. दत्ताच्या बायकोने भात वाढला. तार परत लावून झाली तरी पेटी ढिम्म.

"मेला काय तो?" दत्ताने विचारलं.

"मेला नाय, थांबलाय," ताई म्हणाल्या. "त्याची पाळी आली की उठेल."

"मी जरा हलवून बघू?"

"दत्ता."

दत्ताने हात मागे घेतला. भात संपता संपता माझ्या खिशातला मोबाइल वाजला. ओढ्यात पाणीच नव्हतं, तेवढंच त्यात लिहिलेलं होतं, पण ताईंनी तो संदेश दोनदा वाचला. "घाईनं उठवलेला परत पडतो," त्या म्हणाल्या. "माझंही तेच चाललं होतं." पुढच्या आठवड्यात त्या बंगळूरला गेल्या.

आषाढातल्या एका सकाळी पाऊस असा लागला की समोरचं दुकान दिसेना. थोडा वेळ संदेश येत होते, पाणी चढत होतं, आणि मग संदेश बंद. दत्ताचा फोन लागेना. गल्ली माझ्या तोंडाकडे बघायला लागली, जणू कारभारी मीच. मी बंगळूरला फोन लावला. मागे दवाखान्याचे आवाज येत होते.

"ताई, तास होऊन गेला."

"नेटवर्क गेलं असेल. तो आता लांब ढांगा टाकतोय. थांब."

"तुम्ही तिकडून काही करू शकत नाही का?"

"नेटवर्कच नाही तर मी कुठून शिरू? आणि असतं तरी नसतं केलं."

"मग मी गोणी उचलायला लागू का?"

"उचल की. गोणी उचलायला यंत्राची परवानगी कशाला लागते? ठेवते, स्नेहाला आत घेतलंय."

मला राग आला. इतकी वर्षं माझ्या गोणीवर बसून पुराण ऐकवलं, आणि गोणी बुडायची वेळ आली तर फोन ठेवते. रागारागातच मी हमालांना हाक मारली. बाकीची गल्ली मात्र थांबून होती. दोन-तीनदा उगाच माल चढवून-उतरवून सगळे कंटाळले होते, आणि कापडवाला तर म्हणाला, "शेठ, तुमच्या ताई गेल्या, आता यंत्रही गेलं."

माझा अर्धा माल वर गेला असेल तेव्हा गल्लीतले सगळे मोबाइल एकदम वाजले. पोलादपूरचं पाणी साकवाला लागलं होतं. मग कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. कापडवाल्याचे तागे आम्ही सगळ्यांनी हातोहात माळ्यावर पोचवले. पाणी आलं, गुडघ्याच्या वर आलं, आणि रिकाम्या दुकानांतून फिरून संध्याकाळी ओसरलं. मागे चिखल ठेवून गेलं, दुसरं काही नाही.

तो चिखल ओढत असतानाच ताईंचा फोन आला. नात झाली होती. तिचं वजन, जावळ, उजव्या कानावरचा तीळ, स्नेहाला किती त्रास झाला, जावई कसा घाबरून गेला होता, सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. मी मध्ये मध्ये हुंकार देत होतो आणि वाट बघत होतो. आता विचारतील, गडी किती वेळ पडून होता, किती वेळाने उठला, दत्ताने पेटीला हात लावला का. त्यांनी विचारलं नाही. नातीचं रडणं कसं खणखणीत आहे, यावर आल्या. शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"ताई, संदेश आला बरं का. उशिरा आला, पण वेळेत आला. गल्लीचा दाणासुद्धा भिजला नाही."

"हो का? बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि लगेच कुणाला तरी सांगितलं, "अगं, तिला इकडे दे माझ्याकडे."

फोन तसाच चालू राहिला. पलीकडे बाळ रडत होतं आणि ताई त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या, अगदी पोलादपूरच्या बोलीत. मला फार बरं वाटलं. पेटीची काळजी ताईंच्या मनातून उतरली होती, आणि त्या आता महाडला परत येणार नाहीत, हे मला तिथे चिखलात उभ्या उभ्या कळलं.