नुकुई बाई आणि खोटे गोल

बंदरावरच्या आमच्या शाळेत मी एकोणीस वर्षं मुलांचं जेवण रांधते, आणि तेवढीच वर्षं नुकुई बाईंची कटकट ऐकते. बाई आरोग्यखोलीच्या. खरचटलं, पोट दुखलं, दात पडला की पोर त्यांच्याकडे धावतं. पडलेला दात कागदात गुंडाळून देताना त्या इतकं हळू बोलतात, की हीच बाई सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन आदळआपट करत होती हे कुणाला खरं वाटू नये.

"मावशी, हे बघा!" जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी कार्डांचा गठ्ठा माझ्या फळीवर आपटला. मी मुळे चिरत होते.

"ओलं आहे तिथं, बाई."

"होऊ द्यात ओलं. त्याच लायकीची आहेत ती!"

पहिलीच्या तेवीस मुलांची ती सवयींची कार्डं. सकाळी वेळेवर उठलो, नाश्ता केला, रात्री दात घासले. केलं तर गोल, अर्धवट केलं तर त्रिकोण, नाही केलं तर फुली. सहा-सात वर्षांच्या पोरांनी रोज स्वतः भरायचं. चौघांच्या गटात आठवडाभर एकही फुली नसली, तर वर्गाच्या भिंतीवर त्या गटाचं लाल कागदी फूल लागतं.

मला तर सगळे छान गोल दिसले.

"छानच तर आहेत! पहिलीतलं पोर असा गोल काढतं का हो? पोराचा गोल मनाला येईल तिथून सुरू होतो आणि बटाट्यासारखा होतो. हे सगळे मोठ्यांच्या सवयीने खालून सुरू झालेत आणि जिथल्या तिथे मिटलेत. सातही दिवसांचे एका बैठकीत, एकाच पेनाने. आयांनो, दात तुमचे मोजतेय का मी?"

आयांचाही काय दोष म्हणा. कार्ड भिंतीवर लागणार, पालक-भेटीला सगळं गाव ते वाचणार. फुली पोराची असली तरी लाज घराची जाते.

मग बाईंनी गठ्ठ्यातून एक कार्ड अलगद बाहेर काढलं. "आणि हे आमचं सोनं."

चिगुसाचं कार्ड. दातांच्या ओळीत सात फुल्या, आणि प्रत्येक फुलीखाली वाकड्या अक्षरात 'झोप आली', 'झोप आली', 'झोप आली'. चिगुसाची आई पहाटे मासळीच्या लिलावाला जाते, पोरगी आजीजवळ असते. बाईंनी आजीला गाठून विचारलं होतं. आजी म्हणाली, "बाई, पोरगी जेवता जेवता कलंडती. निजलेल्या पोरीचं तोंड मी काय पकडीनं उघडू व्हय?"

"तेविसांत एक खरं बोलते," बाई म्हणाल्या. "ही एक सांभाळली पाहिजे."

पण सांभाळणार कशी? फुलीमुळे चिगुसाच्या गटाचं फूल हुकलं होतं. जेवण वाढताना मला त्या टेबलावरचं सगळं ऐकू यायचं. गटातली त्सुबाकी म्हणे, "आमचं फूल तुझ्यामुळे गेलं. झोप काय आम्हाला येत नाही?" चिगुसा मान खाली घालून सूप ढवळत बसायची. सूप आवडीचं होतं, तरी परत आलं.

दुसऱ्या गुरुवारी मी मुख्याध्यापकांकडे चवीचं ताट घेऊन गेले. मुलांच्या अर्धा तास आधी ते जेवून बघतात, नियमच आहे. उशिरोदा सर माशाचे काटे काढत बाईंना म्हणत होते, "शनिवारी पालक-भेट आहे. शिक्षण कार्यालयातनं माणूस येतोय. गोल नव्व्याण्णव टक्के दिसतायत. त्या एका मुलीला नवं कार्ड द्या की. कोरं. बघा, शंभर होतात का."

"सर, तिची फुली मी खोडणार नाही."

"खोडू नका हो. नवं द्या म्हटलं."

बाई बाहेर आल्या त्या तावातावाने, आणि त्याच दुपारी चिगुसाचं या आठवड्याचं कार्ड त्यांच्या हातात पडलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. दातांच्या ओळीत तीन गोल. बटाट्यासारखे, तिच्याच हातचे.

बाईंनी तिला माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसवलं.

"दात घासलेस?"

"नाही."

"मग गोल कसा?"

"पेन्सिलीने."

मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. "कशासाठी काढलास?"

"फुलासाठी."

पोर गेली. बाई पायरीवरच बसून राहिल्या. "फुलाची टूम कुणाची माहीत आहे, मावशी? माझी. पंधरा वर्षांपूर्वी मीच काढली, मुलं एकमेकांना आठवण करून देतील म्हणून. आणि मी आयांना शिव्या घालत फिरतेय! एक खरी पोर होती, तिलाही मीच खोटं शिकवलं."

शनिवारी वर्गात मागे पालक उभे, पुढे पोरं. बाईंनी प्रत्येक पोराला एकेक लाल गोळी चघळायला दिली. न घासलेल्या दातांवर तिचा रंग चिकटून बसतो. मग ताट घेऊन त्या मागे वळल्या. "पालकांनीही घ्या. सर, तुम्हीसुद्धा. पोरांसमोर नाही म्हणू नका."

दोन मिनिटांत सगळ्या वर्गाचं तोंड पान खाल्ल्यासारखं लाल. नव्व्याण्णव टक्के गोल भिंतीवर, आणि खाली ही तोंडं! त्सुबाकीचे तर वरचे-खालचे सगळेच. तिची आई पदर नसल्यामुळे हातरुमालात तोंड लपवून उभी. उशिरोदा सरांनी खिशातून मास्क काढला, चढवला, आणि कार्यालयातल्या माणसासमोर पुढचं सगळं भाषण मास्कमधून केलं.

बाईंनी भिंतीवरची फुलं एकेक करून उतरवली. "हे फूल चूक होतं, आणि ती चूक माझी. आजपासून गट नाही, फूल नाही. छापील ओळीही नाहीत. आपल्याला काय जमवायचंय ते ज्याचं त्याने ठरवायचं. आणि पेन्सिल फक्त पोराच्या हातात. आयांनो, ऐकलंत ना?"

चिगुसाने बराच वेळ पेन्सिल चावली. मग लिहिलं, 'जेवल्यावर लगेच घासीन. गादीवर जायच्या आधी नाही.'

"का गं?" बाईंनी विचारलं.

"गादी दिसली की झोप येते."

पंधरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही, असं बाई नंतर माझ्याकडे चार वेळा म्हणाल्या. चारही वेळा चिडूनच.

पुढच्या सोमवारी सरांच्या टेबलावर आकडा गेला, एक्केचाळीस टक्के. त्यांनी ताटातला मासा अर्धा टाकला. इकडे बाई चिगुसाचं कार्ड घेऊन स्वयंपाकघरात आल्या. शनिवारी फुली, रविवारी त्रिकोण. चिगुसा मागे मागे.

"हा त्रिकोण कसला?"

"खालचे घासले. वरचे घासायच्या आधी झोप आली."

"म्हणजे जेवल्यावर लगेच नाही घासलेस?"

"आधी कार्टून होतं."

"अरे देवा," नुकुई बाई कपाळावर हात मारत म्हणाल्या. मग लाल पेनाने त्या त्रिकोणाखाली, अगदी बारीक, खऱ्या खुणेची नोंद म्हणून तारीख घातली आणि कार्ड तिच्या हातात दिलं. "जा. आज वरचे."