दुपट्याचा कोपरा

वसुंधराबाईंचं दुपटं अंगाला लागलं नाही असं बाळ नालासोपाऱ्यात शोधून काढायचं म्हणजे कष्टाचंच काम. सत्तावीस वर्षं ही बाई बाळंतविडे शिवते आहे. चार झबली, चार टोपरी, सहा लंगोट, दोन दुपटी, एक गोधडी. रंग सांगा, तारीख सांगा आणि निघा. डॉक्टरांची तारीख पुढेमागे होईल, बाईंची नाही. कापड मलमलीचं, शिलाई आतून बाहेरून सारखी, बटण औषधाला सापडायचं नाही, सगळ्या नाड्या. "बाळाच्या अंगाला टोचेल असं माझ्या हातून काही जायचं नाही," हे वाक्य त्या इतक्या वेळा म्हणत, की नवरा, सुधाकर, ते त्यांच्या आधीच पुरं करायचा. गर्व होता बाईंना. का नसावा?

म्हणूनच बुधवारी दुपारी अर्नाळ्याहून क्लेमेंटीनचा फोन आला तेव्हा बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"वसुंधराबाई, काय शिवून दिलंत तुमी?" क्लेमेंटीन सुकी मासळी विकणारी, आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. "आमच्या पोराचा गाल बघा येऊन! भाजल्यावानी झालाय! डॉक्टर म्हनतो, कपड्यातलंच कायतरी लागलंय."

"माझ्या कपड्यानं? शक्यच नाही," बाई म्हणाल्या. "साबण कुठला वापरता ते आधी सांगा."

पण फोन ठेवला आणि पिशवी शोधायला लागल्या. क्लेमेंटीनच्या सुनेला, स्टेफीला, लग्नानंतर आठ वर्षांनी झालेलं हे पोर. बावीस दिवसांचं. वजनाला कमी, म्हणून पहिले आठ दिवस काचेच्या पेटीत ठेवलेलं. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, दुबईच्या पलीकडे कुठेतरी. रविवारी बाप्तिस्मा. बाईंनी मशीनवरचं अर्धं झबलं तसंच सोडलं आणि रिक्षा पकडली.

अर्नाळ्याच्या घरी पडवीतच पंचनामा मांडलेला होता. चटईवर बाळाचे वापरलेले सगळे कपडे ओळीनं, आणि कमरेवर हात ठेवून क्लेमेंटीन उभी. आत कॉटवर स्टेफी बाळाला घेऊन बसली होती. डोळे सुजलेले. बाईंनी पुढे होऊन बाळाचा चेहरा पाहिला. उजव्या गालापासून मानेपर्यंत लालभडक पट्टा आणि त्यावर पाण्यानं भरलेले बारीक फोड. बाळ रडून रडून दमलं होतं, नुसतं कण्हत होतं. बाईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता ह्याला छातीशी धरावं. पण धरणार कुठून, गाल लागला असता.

"बघितलंत?" क्लेमेंटीन म्हणाली. "आता बोला."

बाई खाली बसल्या. एकेक कपडा उलटा करून, नाकाशी नेऊन, बोटांत चुरून बघायला लागल्या. झबली ठीक. टोपरी ठीक. मग हाताला एक झगा लागला. पांढराशुभ्र, जाळीचा, गळ्याला खरखरीत लेस, पाठीला धातूची बटणं.

"आणि हा? हा माझा नव्हे," बाईंचा आवाज चढला. "नायलॉन आहे हे, क्लेमेंटीनताई! लेस बघा, माझ्या बोटाला टोचते. बावीस दिवसांच्या लेकराला हे घातलं कुणी?"

आतून स्टेफी हळू म्हणाली, "बाप्तिस्म्यासाठी आईनं आणलाय. परवा नुसता घालून बघितला. पाच मिनिटं."

एवढं पुरे झालं. स्टेफीची आई रोझमेरी, वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. विहिणी-विहिणींचं आधीच फारसं जमत नव्हतं. क्लेमेंटीनला आयतं कोलीत मिळालं. "तरी मी म्हनत होते! दिखावा पायजे नुसता! पोर गेलं असतं म्हंजे कोन जबाबदार? सांग तुझ्या आईला, रविवारी चर्चमध्ये यायचं नाय. माझ्या नातवाला हात लावायचा नाय!"

"मम्मी, असं नका ना बोलू," स्टेफी म्हणाली.

वसुंधराबाईंना बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगा, जीव भांड्यात पडला होता. आपण सुटलो! त्याच सुटलेल्या हातांनी त्यांनी शेवटचं दुपटं उचललं, आपलंच, पिवळ्या काठाचं, आणि घडी घालता घालता त्यांचा अंगठा कोपऱ्यावर थांबला.

कोपऱ्यावर डाग होता. काळपट, चिंचोक्याएवढा, कडेनं तपकिरी.

तो डाग कशाचा हे त्या घरात एकट्या बाईंनाच ठाऊक होतं. कारण त्या कोपऱ्यात, दुहेरी शिवणीच्या आत, एक बिब्बा होता.

आता हे सांगायलाच हवं. बाईंचं पहिलं मूल अकरा दिवस जगलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, पण सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली, लेकराजवळ बिब्बा नव्हता. पुढच्या खेपेला त्यांनीच दुपट्यात बिब्बा शिवला आणि विघ्नेश वाचला, वाढला, आता पुण्याला नोकरीला आहे. बाईंचा विश्वास होता का? विचारलंत तर नाही म्हणतील. पण त्या दिवसापासून एक बाळंतविडा बिब्ब्याशिवाय हातावेगळा झाला नाही. हिंदू असो, किरिस्ताव असो, कुणाला सांगायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. सगळ्यांची लेकरं जगावीत एवढंच.

सासूबाईंच्या डब्यातले बिब्बे पार सुकलेले. विटेच्या भुकटीत महिनोन् महिने पुरून त्या त्यांचं तेल जिरवायच्या. ते बिब्बे दिवाळीत संपले. बाईंनी बाजारातून पाच ताजे आणले. फ्लॅटमध्ये वीट कुठून आणायची, आणि बिब्बा तर कापडाच्या आत राहणार, म्हणून त्यातला एक ह्या दुपट्यात तसाच शिवला. वरून नव्या वाफेच्या इस्त्रीनं दाबून घडी घातली. बिब्ब्याचं तेल अंगावर उततं हे शेंबड्या पोराला माहीत असतं. बाईंनाही माहीत होतं.

"काय झालं?" क्लेमेंटीननं विचारलं.

बोल, बाईंचं मन म्हणालं. बोल ना! पण ह्या लोकांच्या घरात न विचारता बिब्बा शिवला म्हटल्यावर काय होईल? अर्नाळ्यापासून सोपाऱ्यापर्यंत तोंड दाखवायला जागा उरेल?

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"मग द्या इकडं. ह्याच्यातच गुंडाळते त्याला. तुमचंच बरं."

"नको!" बाईंनी दुपटं एवढ्या झटक्यानं मागे ओढलं की क्लेमेंटीन बघतच राहिली. "म्हणजे, दवाखान्यात नेलं होतं ना. जंतू असतात. मी उकळून आणते."

दुपटं पिशवीत कोंबून बाई निघाल्या. दारातून वळून पाहिलं तर क्लेमेंटीन तो पांढरा झगा चिमटीत धरून न्हाणीकडे निघाली होती. पाणी तापवायची चूल तिकडेच होती. बाईंना ते दिसलं आणि तरी त्या थांबल्या नाहीत.

घरी येऊन त्यांनी कोपरा उसवला. बिब्बा ओलसर, चकाकत होता. तो कागदात गुंडाळून ठेवला, हात साबणानं तीनदा धुतले. झालं, म्हणाल्या मनाशी. बाळ बरं होईल, दुसरं दुपटं शिवून देऊ, विषय संपला. उरलेले बिब्बे फेकून द्यावेत म्हणून डबा उघडला. पाच आणलेले. एक हा उसवलेला. डब्यात चार हवेत.

डब्यात तीन होते.

बाईंनी डबा उलटा केला. जमिनीवर, मशीनखाली, चिंध्यांत पाहिलं. आणि मग आठवलं. हिरव्या काठाचं दुसरं दुपटं शिवताना क्लेमेंटीनचं बोलणं मनात होतं, आठ वर्षांनी झालंय, काचेच्या पेटीत आहे. तेव्हा वाटलं होतं, ह्या लेकराला एक पुरायचा नाही. एका विड्यात एकच बिब्बा, हा नेम आयुष्यात पहिल्यांदा मोडला होता, आणि तो मायेनं मोडला होता.

हिरवं दुपटं पडवीतल्या ओळीत नव्हतं. म्हणजे ते अजून वापरलं नव्हतं. म्हणजे ते आता काढतील.

फोन लावला. क्लेमेंटीनचा फोन बंद. संध्याकाळी ती रोझरीला चर्चमध्ये जाते आणि फोन बंद ठेवते, हे तिनंच एकदा कौतुकानं सांगितलं होतं. स्टेफीचा नंबर बाईंकडे नव्हता. चपलेत पाय धड शिरेना. "अगं, आत्ताच आलीस ना?" सुधाकर म्हणाला. उत्तर द्यायला बाई होत्या कुठे? त्या जिन्यात होत्या.

"भैया, जल्दी चलो," बाई रिक्षात म्हणाल्या, मग दर वळणाला म्हणाल्या. पुढे टेम्पो, टेम्पोच्या पुढे बस, बसच्या पुढे कुणाची तरी वरात. बाई सीटच्या कडेवर बसून होत्या, जणू तेवढ्यानं रिक्षा लवकर पोचणार होती. बाळाच्या डाव्या गालाला काही झालेलं नव्हतं. डावा गाल अजून चांगला होता. तेवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

घराचं दार उघडंच होतं. कॉटवर स्टेफी एकटी. मांडीवर बाळ, नुकतंच झोपलेलं, हिरव्या काठाच्या दुपट्यात गळ्यापर्यंत गुंडाळलेलं. उजवा गाल वर. दुपट्याचा घडी घातलेला कोपरा, उशीसारखा, डाव्या गालाखाली.

बाईंनी एक शब्द न बोलता दुपटं ओढलं. बाळ दचकून किंचाळलं. स्टेफीही किंचाळली. "आंटी! काय करताय?"

"पाणी आण! भरपूर पाणी आण, स्टेफी, आधी पाणी!"

दोघींनी मिळून तो गाल धुतला. धुतला, पुसला, दिव्याखाली धरला, परत धुतला. थोडा लाल होता. दाबाचा लाल की तेलाचा, कळायला मार्ग नव्हता. बघत बसण्यापलीकडे काही हातात नव्हतं. दहा मिनिटांनी तो लालपणा ओसरला. बाई मोठ्यानं रडायला लागल्या.

मग दातांनी कोपरा उसवला आणि बिब्बा जमिनीवर टाकला. "हा माझा आहे. पिवळ्यातही होता. ह्यानं झालं सगळं. मघाशीच कळलं होतं मला, इथे बसले होते तेव्हाच. बोलले नाही."

स्टेफी त्या काळ्या बीकडे बघत राहिली. क्लेमेंटीन चर्चमधून परतली होती, दारात उभी राहून तिनं सगळं ऐकलं होतं. बाईंना वाटलं, आता ही केस धरून बाहेर काढणार. क्लेमेंटीननं न्हाणीकडे बघितलं. जळक्या प्लास्टिकचा वास घरात अजून होता.

"किती बाळांना दिलंत हे?" शेवटी तिनं विचारलं.

"ताजे फक्त तुमच्याकडेच. बाकीचे सुकलेले होते. पण उद्यापासून घरोघर जाऊन तेही उसवणार आहे."

"उद्या सकाळी आधी डॉक्टरकडे यायचं," स्टेफी म्हणाली. तिचा आवाज बाईंनी इतका सरळ कधी ऐकला नव्हता. "हे सगळं त्यांना तुमच्या तोंडानं सांगायचं." मग तिनं उशीखालून फोन काढला, नंबर लावला आणि बाईंच्या हातात दिला. "आणि हे आत्ता. आईला तुम्हीच सांगा."

बाईंनी क्लेमेंटीनकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. रोझमेरी फोन हातातच घेऊन बसली असावी. "स्टेफी? पोराचं कसं हाय गं? रडतंय का अजून? हे बघ, तू सासूला सांग, मी रविवारी येत नाय. आले तरी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसेन. लांबूनच बघेन. मला काय म्हाईत गं, झग्यानं असं होईल. पांढरा होता, चांगला दिसला म्हनून घेतला."

"रोझमेरीबाई," बाई म्हणाल्या. "मी वसुंधरा. बाळाचे कपडे शिवते ती. तुमच्या झग्यानं काही झालेलं नाही. माझ्या दुपट्यानं झालं. दोष माझा आहे, आणि तुमच्यावर मी ढकलला."

बाई शिव्यांची वाट बघत होत्या.

"मग," रोझमेरीनं अगदी हळू विचारलं, "मी त्याला घेऊ शकते?"

बाईंनी फोन क्लेमेंटीनपुढे धरला. क्लेमेंटीन पुढे आली आणि तिनं त्यांच्या हातून फोन घेतला.